डोक्याला मार लागला, टाके निघाले, पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही: सीमाभागातल्या घरांसाठी

मी डॉक्टर नाही, वकील नाही. बेळगावच्या शहापुरात शिवणकाम करते. 2022 च्या नोव्हेंबरात माझा धाकटा भाऊ उद्यमबागेतल्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून मच्छेकडं निघाला होता. रस्त्याकडेला दिवा नाही, मागं तांबडी पट्टी नाही, अशी उसाची ट्रॉली उभी होती. त्यात घुसला. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं.

त्यानंतरच्या दीड वर्षात दवाखाना, पोलीस ठाणं, कोर्ट आणि धारवाड अशा चकरा मारताना मला जे उशिरा कळलं, ते तुम्हाला वेळेवर कळावं म्हणून लिहितेय. अपघात, मारामारी, झाडावरून किंवा स्लॅबवरून पडणं, नवऱ्याची मारहाण, कारण काहीही असो, वाट बरीचशी हीच.

त्या काळात एक गोष्ट वाचनात आली आणि मनात घर करून बसली. छळ सोसून दुसऱ्या देशात आसरा मागणाऱ्यांना अधिकाऱ्यासमोर आपली हकिकत तारीखवार सांगावी लागते. त्यातल्या कित्येकांच्या डोक्यावर कोठडीत किंवा वाटेत मार बसलेला असतो. आठवण तुटक होते, आज एक तारीख, उद्या दुसरी. आणि तारीख चुकली की माणूस खोटं बोलतोय असा संशय येतो. छळाची वैद्यकीय नोंद कशी करावी, यासाठी संयुक्त राष्ट्रांचा ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ 1999 पासून आहे. त्यात डोक्याचा मार आणि मनाची तपासणी, दोन्ही येतात. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडं आसऱ्यासाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळं तो प्रकार आपल्याला लांबचा वाटतो. पण बीडहून ऊसतोडीला आलेला माणूस हुक्केरीच्या किंवा अथणीच्या ठाण्यात कन्नडमध्ये जबाब देतो आणि “आठवत नाही” म्हणतो, तेव्हा त्याची गत काय वेगळी असते? माझ्या भावालाही ठाण्यात “नाटक करतोय” असं ऐकावं लागलं. डोक्याला लागलेला माणूस स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. त्याची साक्ष कागदानं द्यायची असते, आणि तो कागद पहिल्या दिवसापासून घरच्यांनी जमवायचा असतो.

1. पहिला तास

108 ला फोन करा. हायवेवर असाल तर 1033, पोलीस हवे असतील तर 112. मान वाकडी-तिकडी होऊ देऊ नका, दोघा-तिघांनी मिळून डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून उचला. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढायची घाई नको. अर्धवट शुद्धीत असलेल्याला पाणी, चहा, सोडा काही पाजू नका. आपल्याकडं पहिली धाव पाण्याच्या तांब्याकडंच असते. झटका आला तर चप्पल, कांदा हुंगवणं सोडा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, किती मिनिटं चालला ते घड्याळात बघा.

मदत करणाऱ्यांना एकच सांगणं: घाबरून पळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्तीही नाही. भावाला रिक्षातून आणणारा माणूस आम्ही पोचायच्या आधी निघून गेला. त्याच्याजवळच सगळ्यात मोलाची माहिती होती, ती पुढं येतेच.

2. केस पेपरवर काय लिहितात ते बघा

ही पायरी मी चुकले, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅज्युअल्टीत नवशिका डॉक्टर घाईघाईनं तीन-चार प्रश्न विचारतो. बेशुद्ध झाला होता का? उलटी झाली का? झटका आला का? कान-नाकातून रक्त किंवा पाणी आलं का? मी म्हटलं, “माहीत नाही, मी आत्ता आले.” कागदावर लिहिलं गेलं: बेशुद्धी नाही. ‘माहीत नाही’चं ‘नाही’ झालं. सहा महिन्यांनी विमा कंपनीच्या वकिलानं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं: बेशुद्धही न झालेल्या माणसाचा मेंदू बिघडला कसा?

म्हणून बघणाऱ्याला गाठा, निदान त्याचा फोन नंबर घ्या, शक्य असेल तर डॉक्टरशी त्याचं बोलणं करून द्या. भाऊ किती वेळ निपचित होता, शुद्धीवर आल्यावर काय बडबडत होता, तेच तेच किती वेळा विचारत होता, हे त्यालाच ठाऊक असतं. माहिती नसेल तर “माहीत नाही असंच लिहा” असं नम्रपणे पण ठामपणे सांगा.

‘ग्लासगो कोमा स्केल’चा आकडा विचारून घ्या. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवर 3 ते 15 गुण देतात. 13 ते 15 म्हणजे सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा खाली म्हणजे गंभीर. हा ‘सौम्य’ शब्द फसवा आहे. तो पहिल्या काही तासांतल्या शुद्धीबद्दल असतो, पुढच्या वर्षाच्या आयुष्याबद्दल नसतो. तसंच सीटी स्कॅनचं. त्यात रक्तस्राव आणि हाड मोडलेलं दिसतं, आणि जीव वाचवायला तेच आधी बघावं लागतं. पण मेंदूतले बारीक तंतू ताणले, तुटले असतील तर सीटी बऱ्याचदा स्वच्छ येतो. ‘सीटी नॉर्मल’ म्हणजे माणूस नॉर्मल, असं धरून चालू नका.

आणि एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस (दवाखान्यानं पोलिसांना कळवायची जखमेची नोंद), नोंदवलीच पाहिजे. “कशाला पोलिसांची कटकट, घरात पडला म्हणून सांगा” असं सुचवणारा एक तरी नातेवाईक भेटतोच. ऐकू नका. तातडीच्या रुग्णाला कुठलाही दवाखाना, सरकारी असो वा खासगी, पोलीस यायच्या आधी उपचार नाकारू शकत नाही. सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच हे स्पष्ट केलंय.

3. पोलीस आणि सीमेची भानगड

निपाणी, कोगनोळीकडं अपघात झाला की जखमीला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेतात, कारण ते जवळ. उलट चंदगड तालुक्यातला माणूस बेळगावात येतो. म्हणजे अपघात एका राज्यात, एमएलसी दुसऱ्या राज्यात. कागद तिकडच्या ठाण्यातून इकडच्या ठाण्यात येईपर्यंत आठवडे जातात, कधी येतच नाहीत. दवाखान्याच्या आवारातल्या पोलीस चौकीतून एमएलसी क्रमांक लिहून घ्या आणि अपघात जिथं झाला त्या ठाण्यात स्वतः जाऊन द्या. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू लागलं तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, हद्द कुठलीही असली तरी गंभीर गुन्ह्याची खबर नोंदवून घेण्याची तरतूद आहे.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती कन्नडमध्ये असणार. सही करण्याआधी कुणाकडून तरी शब्द न् शब्द वाचून घ्या. पंचनाम्याला इथं ‘महजर’ म्हणतात, आणि पोलीस दवाखान्याकडून जखमांचा जो दाखला मागवतात त्याला ‘वुंड सर्टिफिकेट’. हे दोन शब्द माहीत नसल्यानं मी आठवडाभर चुकीचे कागद मागत बसले होते.

जखमीचा जबाब घ्यायला पोलीस लवकर येतात. तो गोंधळलेला असेल तर डॉक्टरांकडून “जबाब देण्याच्या स्थितीत नाही” असं लिहून घ्या. माझ्या भावानं तिसऱ्या दिवशी “मीच जोरात होतो” असं सांगून टाकलं. त्याला अपघाताच्या आधीचा अर्धा तासही आठवत नव्हता! रिकामी जागा मन आपोआप भरतं, काहीतरी जुळवतं, आणि सांगणाऱ्याला ते खरंच वाटतं.

4. घरी आल्यावर

पहिले एक-दोन दिवस कुणीतरी सोबत हवं. खालीलपैकी काही दिसलं तर रात्र असो, लग्न असो, उलटपावली दवाखाना: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणारी गुंगी, एका बाजूचा हातपाय लुळा, बोबडं बोलणं, डोळ्याच्या बाहुल्या लहान-मोठ्या, झटका, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं. काही वेळा माणूस आधी चांगला बोलतो-चालतो आणि काही तासांनी कोसळतो. मधला तो चांगला काळ बघून फसू नका.

म्हाताऱ्यांचं वेगळं. मोरीत घसरून डोकं आपटलं, विसरूनही गेले, आणि तीन-चार आठवड्यांनी चालताना तोल जातो, बडबड सुरू होते. घरचे “वय झालं” म्हणतात. मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आणि रोज दारू पिणारे यांनाही हा धोका जास्त. पुन्हा स्कॅन करा. वेळेत सापडलं तर बहुतेकदा इलाज होतो.

विश्रांतीबद्दल आमच्याकडं दोन टोकं होती. आई म्हणे महिनाभर खिडक्या लावून अंधारात झोपव; मुकादम म्हणे सोमवारी ये. डॉक्टरांनी सांगितलं ते मधलं: पहिले एक-दोन दिवस निवांत, मग थोडं थोडं चालणं, बोलणं, कामं. डोकं ठणकायला लागलं की थांबायचं. मोबाईल कमी. दारू अजिबात नाही. गाडी डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आणि पुन्हा डोक्याला मार लागणार नाही हे बघायचं, कारण पहिला बरा व्हायच्या आत लागलेला दुसरा मार जास्त वाईट.

5. मन बदलतं ते कसं दिसतं

टाके वाळले. लोक भेटून गेले. “थोडक्यात वाचला, देवाची कृपा.” तिसऱ्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. “वन्सं, ह्यांनी परत सुरू केली वाटतं.” दारू, असं तिला म्हणायचं होतं. तोल जायचा, शब्द अडखळायचे, मिक्सर लावला की अंगावर धावून यायचा. तो प्यायलेला नव्हता.

आंबलेली आमटी त्यानं दोन वाट्या खाल्ली, वासच आला नाही. कपाळावर किंवा मागं जोरात आपटलं की वासाच्या नाजूक शिरा तुटू शकतात. हे लक्षात घ्या, कारण अशा माणसाला गॅस गळतोय हेही कळत नाही. जो पोरगा दहा वर्षं उद्यमबागेच्या गल्ल्या डोळे मिटून फिरायचा, तो कारखान्याचं फाटक शोधत तासभर फिरला. हिशेब चुकायचा. टीव्ही आणि माणसांचं बोलणं एकदम आलं की डोकं धरून बसायचा. मुलीच्या वाढदिवसाला रडला नाही, हसला नाही, भिंतीकडं बघत राहिला. मग अचानक एखाद्या परक्यासमोर नको ते बोलून टाकायचा.

मेंदूचा पुढचा भाग हा गाडीच्या ब्रेकसारखा असतो, असं धारवाडच्या डॉक्टरांनी समजावलं. तिथं इजा झाली की राग आवरत नाही, नाहीतर उलट, कशातच मन लागत नाही. घरच्यांना यातलं एक दिसतं ‘माजलाय’ आणि दुसरं दिसतं ‘आळशी’. वर अपघाताची भीती असतेच: रात्री ट्रॉलीचा आवाज आला की घाम फुटणं, तो रस्ता टाळणं, दचकून उठणं. खचलेलं मन, घाबरलेलं मन आणि इजा झालेला मेंदू, तिन्हींची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की आपण घरात बसून निवाडा करायचा नसतो. झोप नाही, चिडचिड, विसर, लक्ष न लागणं, हे तिन्हींत असतं. आणि ते एकाच माणसात एकाच वेळी असूही शकतं.

सौम्य मारानंतरच्या तक्रारी बहुतेकांच्या काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत ओसरतात. त्यानंतरही तसंच असेल, किंवा दिवसेंदिवस वाढत असेल, तर थांबू नका.

आमच्या आईनं त्याला सौंदत्तीला यल्लम्माला नेलं. त्यात मला काही गैर वाटत नाही, तिथून तो शांत होऊन आला. चूक झाली ती नंतर, एका देवरुष्यानं करणी सांगितली आणि झटक्याच्या गोळ्या बंद करवल्या. अकराव्या दिवशी मोठा झटका आला. देव करा, नवस करा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय झटक्याची गोळी एक दिवसही चुकवू नका.

आणि जे बोलायला अवघड आहे ते: “मी मेलेलो बरा” असं तो म्हणाला तर “असं बोलू नये” म्हणून तोंड बंद करू नका. विचारा, ऐका, एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात तणनाशक, कीटकनाशक कोपऱ्यातच असतं; ते त्याच दिवशी कुलपात किंवा शेजारच्या घरी. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर दिवसरात्र, फुकट चालतो, भाषा निवडता येते, मराठीही आहे.

6. चोपडी ठेवा

शंभर पानी वही, वीस-पंचवीस रुपयांची. रोज रात्री चार ओळी. किती वाजता झोपला, किती वेळा उठला. डोकं किती वेळ दुखलं. काय विसरला: ‘विसरभोळा झालाय’ असं नको, ‘गॅसवर दूध ठेवून गावात गेला’ असं लिहा. राग कशावरून आला, किती वेळ टिकला. कुठली गोळी घेतली. भावजय लिहायला कंटाळायची, मग सातवीतली भाची लिहायची. तिचं अक्षर चांगलं. पुढं डॉक्टरांनी आमच्या सगळ्या फाईलीतला हाच कागद सगळ्यात जास्त वेळ वाचला.

7. कुणाकडं जायचं

आधी ज्यानं स्कॅन केला तो न्यूरोसर्जन किंवा फिजिशियन. मनाची लक्षणं असतील तर मानसोपचारतज्ज्ञ. बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, इथं हा विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ नावानं तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचार ओपीडी भरते. तुमच्या तालुक्यात कधी असते ते आशाताईंना विचारा. मेंदू आणि मन दोन्ही एका छपराखाली बघायचं असेल तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था, एसटीनं दीड-दोन तास. बंगळूरची निमहान्स रात्रभराच्या प्रवासावर, पण स्मरणशक्ती, लक्ष आणि निर्णयशक्ती मोजणाऱ्या सविस्तर चाचण्या तिथं होतात. “वेड्यांच्या दवाखान्यात नेतायत” असं गल्लीत बोलतील. आमच्यातही बोलले.

रुग्णाला एकदा तरी डॉक्टरशी एकटं बोलू द्या. आणि घरच्यांनीही एकदा वेगळं बोला, कारण पुष्कळांना स्वतःतला बदल कळतच नाही. तो “मला काही झालं नाही” म्हणतो ते खरं समजून म्हणतो.

बेळगावात बहुतेक ठिकाणी मराठी चालतं, पण धारवाडला किंवा नर्ससमोर अडलं तर चार कन्नड वाक्यं हाताशी ठेवा. ‘तलेगे पेट्टु बिद्दिदे’, डोक्याला मार लागलाय. ‘एच्चर तप्पित्तु’, शुद्ध हरपली होती. ‘वांति आगिदे’, उलटी झालीय. ‘नेनपु इल्ल’, आठवण नाही. दुभाषा म्हणून लहान मुलांना उभं करू नका. बापाच्या मनातलं मरणाचं बोलणं पोरीच्या तोंडून सांगायला लावणं बरं नव्हे. आणि बायकोला नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करायची असेल तर नवऱ्याचा भाऊ दुभाषा नको.

8. पैसे

रस्ते अपघातासाठी 2025 पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना आहे: नेमलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. आमच्या वेळी नव्हती. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय 2023 मध्ये घेतला. तुमच्या दवाखान्यात ती चालते का ते योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, बिल झाल्यावर नको.

कारखान्यात पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो का बघा. कामावर जाता-येता झालेला अपघातही कामाचा धरला जाऊ शकतो, पण मालकानं अपघाताचा रिपोर्ट भरला पाहिजे. आमच्या मालकाला तीनदा आठवण करावी लागली.

नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. मुदत सहा महिन्यांची, 1 एप्रिल 2022 पासून. मनाची लक्षणं पुढं येऊन ओळखू येईपर्यंतच तीन-चार महिने जातात, त्यामुळं “पूर्ण बरा झाला की बघू” म्हणत बसू नका. मुदत टळली असेल तरी घरी बसू नका, वकिलाला विचारा. ट्रॉली पळून गेली आणि नंबर सापडलाच नाही, तर ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर जखमेला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत पातळीवर. आमची ट्रॉली चहाच्या गाडीवाल्यामुळं सापडली. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण, नंबर 15100. टक्केवारीवर काम करतो म्हणून दवाखान्याच्या दारातच वकीलपत्रावर सही घेणाऱ्यांपासून लांब राहा.

9. टोळीतून आला असाल तर

ऊसतोडीला आलेल्यांची अडचण दुहेरी. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मोडला की आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून मुकादम जखमीला गावी पाठवायला बघतो. कागद होण्याआधी जाऊ नका. एमएलसी, एफआयआर, डिस्चार्ज कार्ड हातात घेऊनच निघा. दावा मात्र तुमच्या राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. दर तारखेला बीडहून चिक्कोडीला यायची गरज नाही. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. गावी पोचल्यावर तिथल्या जिल्हा रुग्णालयात हीच फाईल दाखवून उपचार पुढं सुरू ठेवा, नव्यानं पहिल्यापासून सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका.

10. दिव्यांग प्रमाणपत्र

2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, पण ‘मेंदूची इजा’ असा वेगळा प्रकार नाही. ज्याचा परिणाम झालाय त्यावरून ठरतं: मानसिक आजार, वाचा, हातपाय, किंवा अनेक मिळून. खिडकीवरचा माणूस “हातपाय तर चांगले आहेत” म्हणेल. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर करा, तपासणी वैद्यकीय मंडळापुढं. मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, यांवर गुण. इथंही चोपडी न्या. 40 टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलती लागू होतात. भाऊ त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मंडळापुढं छान हसून बोलला. पुन्हा तारीख घ्यावी लागली.

फाईलीत काय काय

- केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे अहवाल आणि फिल्म
- एमएलसी क्रमांक, एफआयआर, महजर, वुंड सर्टिफिकेट
- औषधांच्या चिठ्ठ्या आणि सगळी बिलं, रिक्षाची सुद्धा
- आधार, रेशनकार्ड, आयुष्मान किंवा ईएसआय कार्ड
- अपघाताआधीच्या पगाराच्या पावत्या; मजुरीवाल्यांनी हजेरीवहीचा फोटो
- बघणाऱ्यांची नावं-नंबर
- चोपडी
- अपघाताआधीचा एखादा व्हिडिओ, ज्यात तो नेहमीसारखा बोलताना दिसतो

शेवटचं आम्हाला उशिरा सुचलं. घरातल्या एका बारशाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये होता. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि मग पहिल्यांदाच म्हणाले, “हां, आता कळलं काय बदललंय ते.”

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्याही नाही. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा, आणि सीटीची फिल्म उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.